कंसातील नाव

(यवतमाळ येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते, त्यांची एक रीत येथील पुष्कळ वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. गावात कोणाकडे मयत झाली म्हणजे ते सर्वांबरोबर खांदा द्यायला जात, तेरवीला पंगतीच्या कडेला उभे राहून येत. आणि पुढे महिना-सवा महिना लोटला, पाहुणे आपापल्या गावी परतले, मांडवाची जागा सारवून कोरडी झाली, म्हणजे एखाद्या संध्याकाळी ते पुन्हा एकदा, एकटेच, त्या घरी जात. तेथे ते फारसे बोलत नसत. ओसरीवर बसत, चहा घेत, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन एखादी आठवण काढीत आणि दिवेलागणीनंतर परतत. बालपणी मला त्या भेटीचा अर्थ कळला नव्हता. तो कळण्यासाठी महसूल खात्यातील प्रदीर्घ नोकरी आणि त्या नोकरीच्या निमित्ताने ओलांडलेले शोकाकुल घरांचे उंबरठे उपयोगी पडले. त्या अर्थाविषयीच आज बोलावे, असे मी योजिले आहे.

मानसशास्त्र हा माझ्या अधिकाराचा विषय नव्हे. मी तलाठी म्हणून नोकरीस लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. परंतु शेतकऱ्याच्या घरी मृत्यू घडला म्हणजे सरकार त्या घरी पोचते ते बहुधा तलाठ्याच्याच रूपाने, काखेत दप्तर घेऊन. आणि म्हणून दुःखाचे जे दर्शन पंडितांना ग्रंथांतून घडते, ते मला पंचनाम्याच्या आणि वारसनोंदीच्या वेळी प्रत्यक्ष घडले. त्यातील एक प्रसंग प्रथम सांगतो, कारण आजच्या सर्व विवेचनाचे बीज त्यात आहे.

अरुणावतीच्या काठच्या एका गावी, वैशाखाच्या अखेरीस, एका मयत खातेदाराच्या वारसांची वर्दी घेण्यासाठी मी गेलो होतो. मयताची वृद्ध आई भिंतीला टेकून बसली होती, पत्नी आतल्या दाराच्या आड होती आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा खांबाला धरून माझ्या दप्तराकडे टक लावून पाहत होता. मी वारसांची नावे लिहू लागताच त्याने विचारले, "माह्या बाबाचं नाव खोडता काय?" काय उत्तर द्यावे ते क्षणभर मला सुचेना. मग मी सातबाराचे जुने पान उलगडून त्याला दाखविले. त्या पानावर त्याच्या आजोबांचे नाव होते. वारसांची नोंद झाली त्या वेळी त्याला कंस केलेला होता आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक घातला होता. मी म्हटले, "खोडत नाही बाळा, कंस करतो. हे बघ, तुझ्या आजोबांचं नाव अजून वाचता येतं." त्याने त्या नावावरून बोट फिरविले आणि म्हटले, "मंग बाबाचं नाव बी असंच वाचाले येईन?" मी होय म्हटले. त्यानंतर तो खांब सोडून माझ्याजवळ येऊन बसला आणि लिखाण पुरे होईपर्यंत उठला नाही.

महसुली दफ्तरातील ही एक साधी वहिवाट; परंतु शोकाविषयी मला जे सांगावयाचे आहे ते तिच्यात पूर्णतः सामावलेले आहे. गेलेल्या माणसाचे नाव घराच्या मनातून खोडून टाकावे, अशी अपेक्षा बाळगण्याचा अधिकार कोणालाही नाही. जमिनीचा कारभार जित्यांच्या हाती यावा, घराचे चाक पुढे चालावे, आणि तरीही मयताचे नाव त्याच पानावर कंसात, वाचता येईल असे, राहावे. हे नाव कंसात जाण्याचे काम तेरा दिवसांत उरकत नाही. त्यास वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत त्या घराच्या पाठीशी उभे राहणे हेच समाजाचे खरे सांत्वन होय.

आपल्या पूर्वजांनी मृत्यूनंतरच्या दिवसांची जी व्यवस्था लावली, तिच्यात कालमानाने काही दोष शिरले असले, तरी तिच्या मुळाशी मोठी करुणा होती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ज्या घरी मृत्यू झाला तेथे चूल पेटत नाही. शेजारच्या घरून पिठले-भाकरी येते. भावकीतील एखादी वृद्धा सुनेच्या पाठीवर हात ठेवून बळेच दोन घास खायला लावते. माहेरची माणसे दुखवटा घेऊन येतात. सुतक म्हणजे सर्व सामाजिक कर्तव्यांपासून मिळालेली रजाच होती. बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, मुस्लिम घरांत चाळिसावा होतो. म्हणजे दुःखी माणसाला एकटे सोडू नये, ही जाणीव कोणत्याही एका धर्माची मिरास नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना तर ग्रामोद्धाराचा विचार मांडणाऱ्या आपल्या 'ग्रामगीते'त अंत्यसंस्काराला एक स्वतंत्र अध्याय द्यावासा वाटला. रस्ते, स्वच्छता आणि शिक्षण यांच्याबरोबर मरणाचा विचार गावाने एकत्र बसून करावा, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने ओळखले होते.

मग उणे कोठे पडते? ते पडते चौदाव्या दिवशी. कळंब तालुक्यातील एका भगिनीने मला सांगितलेले शब्द तिच्याच बोलीत सांगतो: "तेरवीलोक घर मानसाईनं भरून होतं, साहेब. आता संध्याकाळी दिवा लावाले हात उठत नाई." माणसे दुष्ट म्हणून येईनाशी होतात असे नव्हे. पेरणी तोंडावर येते, ज्याची त्याची विवंचना ज्याला त्याला असते, आणि शिवाय पुन्हा गेल्यावर बोलावे काय, हा संकोच पाय मागे ओढतो. परंतु तेरा दिवस ज्या आघाताने माणूस बधिर झालेला असतो, त्याचा बधिरपणा ओसरून दुःखाची खरी धार लागते ती नेमकी त्याच वेळी, जेव्हा ओसरी रिकामी झालेली असते.

त्यातही दुःख सर्वांना सारखे होत नाही. वयाच्या ज्या पायरीवर ते गाठते, त्या पायरीप्रमाणे त्याचे रूप पालटते.

बालकाचा शोक आपल्याला दिसत नाही, कारण ते मध्येच खेळते, मध्येच हसते, आणि वडीलधारी मंडळी "पोराला काय कळतं" म्हणून निश्चिंत होतात. वस्तुतः त्याला सारे कळते. केवळ ते शब्दांत येत नाही. ते अंथरूण ओले करू लागते, शाळेत मागे पडते, आई क्षणभर दिसेनाशी झाली तरी कासावीस होते. बाबा गावाला गेले, देवाघरी फुले तोडायला गेले, असे त्याला सांगणे म्हणजे त्याने रोज रस्त्याकडे डोळे लावून बसावे अशी तजवीज करणे होय. मुलाला मरणाची गोष्ट खऱ्या आणि सोप्या शब्दांत सांगावी, त्याचे प्रश्न ऐकून घ्यावेत, आणि त्याच्या दिवसाचा क्रम शक्य तितका मोडू देऊ नये. मघाच्या मुलाचीच गोष्ट सांगतो. त्याच वर्षी पोळ्याच्या दिवशी मी त्या गावी होतो. आखरावर तोरण लागले होते, बैलांच्या शिंगांना रंग, अंगावर झुली, गळ्यात घुंगुरमाळा. आणि तो मुलगा आपल्या बापाच्या जोडीचा कासरा हातात घेऊन सर्वांच्या मागे, अंग चोरून उभा होता. तेवढ्यात शेजारचा एक वयस्क शेतकरी आपली जोडी स्वतःच्या मुलाच्या स्वाधीन करून आला, त्या पोराच्या हातावर आपला हात ठेवून म्हणाला, "चाल बापू, मी आहो संगं," आणि दोघे मिळून ती जोडी तोरणाखाली घेऊन गेले. त्या गृहस्थाने सांत्वनाचा एक शब्द उच्चारला नाही. परंतु बापाची जागा रिकामी आहे हे मान्य करून तीत क्षणभर आधाराचा हात देणे, हे त्याला जसे साधले तसे मी अन्यत्र क्वचितच पाहिले.

तरुण विधवेचे दुःख दुहेरी असते, कारण तिला पतीच्या वियोगाबरोबर आपल्या पालटलेल्या सामाजिक स्थानाचाही शोक वाहावा लागतो. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे हे प्रकार ज्या क्षणी तिला आधाराची पराकाष्ठेची गरज असते, त्याच क्षणी तिच्यावर लादले जातात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना त्या ठरावाचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. हा ठराव आपल्या गावाने केला आहे काय, आणि केला असल्यास गेल्या वर्षीच्या मयतीत तो पाळला गेला काय, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. तसेच जमिनीचे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यान्वये मयताची आई, पत्नी, मुलगे आणि मुली हे सारखेच वारस आहेत. वारसांनी तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावी आणि नोंद व्हावी, हा नियम आहे. तथापि महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातील ५०५ शेतकरी विधवांकडे चौकशी केली, तेव्हा त्यांतील सुमारे ४० टक्के भगिनींना पतीच्या जमिनीवरील हक्क मिळालेला नव्हता. ज्या पानावर पतीचे नाव कंसात गेले त्या पानावर तिचे नाव चढलेच नाही, तर तिच्या शोकाला पाय टेकण्यापुरतीही भूमी उरत नाही. पतीने हयातीतच आपण होऊन पत्नीच्या नावे जमीन करावी, असे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'च्या चळवळीत याच प्रांतातील शेतकऱ्यांना आवाहन केले होते. त्यामागील दूरदृष्टी मला अशा प्रत्येक घरी आठवत असे.

मध्यम वयात अपत्य गमावणाऱ्या आईबापांविषयी काय बोलावे? गोविंदाग्रजांनी 'राजहंस माझा निजला' या कवितेत मुलाचा मृत्यू मान्य न करणारी जी माता रंगविली, तिने मराठी वाचकाला पिढ्यान्‌पिढ्या रडविले आहे. परंतु जन्मतःच किंवा जन्मल्यावर चार दिवसांत गेलेल्या बाळाचा शोक मात्र आपण अद्याप शोक म्हणून गणत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांच्या मृत्यूंवर जे कार्य केले, त्यातून 'कोवळी पानगळ' या अहवालाने महाराष्ट्राला दाखवून दिले, की असे कित्येक बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नव्हते. नोंदवहीत न आलेले ते मृत्यू आईच्या मनात मात्र नोंदलेले असतात. "दुसरं होईल" असे तिला सांगू नये. बाळाचे नाव ठेवले होते काय, असे तिला विचारावे.

बापाचा शोक याहूनही मुका असतो. पुरुषाने रडू नये या शिकवणीपायी तो वखर धरतो, बोलणे टाकतो, क्वचित दारूला लागतो. आणि त्याच्या मौनाला आपण धीर समजतो. आणि वार्धक्यात, पन्नास वर्षांच्या संसारानंतर एकटे उरलेल्या म्हाताऱ्याला किंवा म्हातारीला "वय झालंच होतं, सोनं झालं" म्हणून आपण मोकळे होतो. ज्याच्या ताटाशेजारचे ताट पन्नास वर्षांनी उचलले गेले, त्याला वयाची गणिते उपयोगाची नाहीत. मुलगा गेला आणि आई मागे राहिली अशा घरी तर, सुनेच्या आणि नातवंडांच्या दुःखापुढे त्या वृद्धेला स्वतःचे दुःख बोलून दाखविण्याचीही चोरी होते. अरुणावतीकाठची ती भिंतीला टेकलेली आई त्या सबंध दुपारी एक अक्षर बोलली नव्हती, आणि तिला काही विचारावे हे मलाही सुचले नाही, याची रुखरुख मला आजही आहे.

आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला शोकाचा आणखी एक प्रकार आला आहे, तो म्हणजे शेतकरी आत्महत्यांचा, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पवनारनजीक सहकुटुंब जीवनाचा अंत केला. अलीकडे त्या तारखेस किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेने ठिकठिकाणचे लोक अन्नत्याग करतात. मृत्यूच्या घरी चूल न पेटविण्याची आपली जुनी रीतच त्या दिवशी सबंध समाज आपल्या अंगावर घेतो, असे मला त्यात दिसते. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा केला आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. त्याच वर्षापासून आत्महत्याग्रस्त कुटुंबास द्यावयाचे सानुग्रह साहाय्य १ लाख रुपये ठरले: ३० हजार रोख आणि ७० हजार मासिक प्राप्ती योजनेत. मदत आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु ती देण्यापूर्वी प्रत्येक प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरावे लागे. जमीन मयताच्या नावे होती काय, कर्ज अधिकृत होते काय, याची छाननी होई. चौकशीच्या त्या दिवसांत घरची माणसे रडण्याऐवजी कागद शोधत. 'अपात्र' हा शेरा वाचून एका वृद्ध पित्याने मला विचारले होते, की माझा मुलगा कशाला अपात्र ठरला. शेरा प्रकरणाला होता. त्याने तो मुलाच्या जिण्याला मानला. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हाही असेच झाले. ज्यांच्या घरचा माणूस सकाळी पंप पाठीवर घेऊन कामाला गेला आणि परत आला नाही, त्यांना शोकाआधी जबाब द्यावे लागले.

अकाली आणि अनपेक्षित मृत्यूच्या अशा घरी माणसे एक प्रश्न मनात घोळवीत राहतात: आपण थांबवू शकलो असतो काय? अशा कुटुंबाला कारणे विचारू नयेत, दोष कोणाचा याची चर्चा ओसरीवर करू नये, आणि मृत्यू कसा झाला यापेक्षा माणूस कसा होता हे बोलावे.

या संदर्भात दोन कथा माझ्या मनात सदैव शेजारी-शेजारी उभ्या राहतात. गाडगेमहाराजांना कीर्तन चालू असता एकुलत्या मुलाच्या मृत्यूची वार्ता कळली आणि त्यांनी कीर्तन थांबविले नाही. त्या महापुरुषाच्या वैराग्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु त्या वैराग्याची अपेक्षा आपण सामान्य आईबापांकडून करू लागलो, तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. दुसरी कथा किसा गौतमीची. मृत बालक कवटाळून आलेल्या त्या मातेला भगवान बुद्धांनी ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरची मूठभर मोहरी आणायला सांगितले. मरण सर्वांना आहे, हा त्या कथेचा बोध आपण जाणतोच. परंतु ती आई त्या दिवशी दारोदार हिंडली, प्रत्येक दारात कोणीतरी तिला आपल्या मयताची गोष्ट सांगितली, हे आपण विसरतो. तथागतांनी तिला उपदेश करण्याआधी गावाकडे पाठविले होते.

पाश्चात्त्य विद्वानांपैकी एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या विदुषीने १९६९ मध्ये मांडलेल्या पाच अवस्था आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक आहेत. त्या मुळात मरणोन्मुख रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून मांडलेल्या होत्या. मागे राहिलेल्यांनी त्या जिन्याप्रमाणे एकेक चढाव्यात, असा नियम त्यातून निघत नाही. शोक परतून येतो: अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरताना, वेचणीच्या पहिल्या दिवशी, मुलीच्या लग्नात बापाचे नाव पत्रिकेवर 'कै.' लावून छापताना. तो परतून आला म्हणजे माणूस कच्चा आहे, असे मानू नये. परंतु महिनोन्‌महिने झोप-अन्न तुटले, जगण्याची इच्छाच मावळली, तर मात्र वैद्यकीय साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत 'विश्राम' नावाच्या उपक्रमाने दाखवून दिले, की गावातीलच कार्यकर्त्यांना शिकविले तर मनाच्या दुखण्यावरचे उपचार उंबरठ्यापर्यंत नेता येतात. केंद्र शासनाच्या 'टेलि-मानस' या सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगविलेला असावा.

तर मग आपण काय करावे? मोठ्या योजनांची वाट न पाहता गावाला करता येईल अशा थोड्या गोष्टी सांगतो. ज्या घरी मयत झाली, त्या घरासाठी गावाने एक माणूस नेमावा, ज्याने वर्षभर त्या घराची पाठ सोडू नये. त्याने वारसाची वर्दी तीन महिन्यांत पडते की नाही आणि फेरफार प्रमाणित होऊन पत्नीचे नाव चढते की नाही, हे पाहावे. दारिद्र्यरेषेखालील घरातील कर्ता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार रुपये, विधवेसाठी संजय गांधी निराधार अनुदान, मुलांसाठी बालसंगोपन योजना, यांचे अर्ज त्याने स्वतः बरोबर जाऊन भरून द्यावेत. शोकाकुल माणसाला तहसिलीच्या खिडकीपुढे एकटे उभे करू नये. शिक्षकाने वर्गातील अशा मुलाकडे वर्षभर मायेने पाहावे. आणि आपण इतरांनी, गुरुजी करीत तसे, महिन्याने एकदा, सहा महिन्यांनी एकदा आणि वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी एकदा जाऊन बसावे.

जानेवारी २०१९ मध्ये याच यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन वैशाली येडे या आपल्या जिल्ह्यातील शेतकरी भगिनीने केले. शेतकरी विधवांच्या जीवनावरील ज्या नाटकात त्यांनी काम केले, त्याचे नाव 'तेरवं'. तेरवीने समाजाचे कर्तव्य संपते असे मानणाऱ्यांपुढे तेरवीनंतरचे जिणे घेऊन त्या भगिनी रंगमंचावर उभ्या राहिल्या. आपण त्यांचे ऐकले. आता त्याप्रमाणे वागणे आपल्याकडे उरते.

सुरुवातीच्या मुलाकडे परतून मी आपली रजा घेतो. माझी निवृत्ती जवळ आली असता एक तरुण शेतकरी कचेरीत नकलेचा अर्ज घेऊन आला. त्याला जुन्या सातबाराची नक्कल हवी होती. गट क्रमांक वाचताच मी त्याला ओळखले. कर्जासाठी पाहिजे की खरेदीखतासाठी, असे मी रीतीप्रमाणे विचारले. तो म्हणाला, "कायले बी नाई साहेब. माही पोरगी आता वाचाले शिकली. तिले आज्याचं नाव दाखवाचं आहे." आम्ही अभिलेख कक्षातून ते पान काढले. शाई फिकट झाली होती. कंसातील नाव स्पष्ट वाचता येत होते.